उघड्या बियांचा अभ्यासक : डॉ. बिरबल साहनी

ईदच्या आधी शीरखुर्म्यासाठी सुकामेवा घ्यायला आपण दुकानात उभे असतो, तेव्हा बदाम, पिस्ते, चारोळी यांच्या बरण्यांशेजारी कधी कधी चिलगोज्यांचीही बरणी दिसते. लांबट, तपकिरी, पातळ सालीचे हे दाणे. भाव ऐकला की बहुतेकांचा हात मागे येतो. पण विद्यार्थी मित्रांनो, विकत घेतले नाहीत तरी एकदा हातात घेऊन पाहा. बदाम, पिस्ता आणि चारोळी या तिन्ही बिया फळाच्या पोटात वाढलेल्या असतात. चिलगोज्याला मात्र फळ कधी नव्हतेच. हिमालयाच्या वायव्य भागात आणि अफगाणिस्तानात, थंड कोरड्या डोंगरांवर वाढणाऱ्या एका पाइन वृक्षाचे ते बी आहे. त्या झाडाला लाकडी खवल्यांचा शंकू येतो आणि एकेका खवल्यावर हे बी उघडेच वाढते.

ज्या वनस्पतींचे बी असे उघड्यावर वाढते त्यांना प्रकटबीज वनस्पती म्हणतात. पाठ्यपुस्तकात अनावृतबीजी असाही शब्द येतो, अर्थ एकच. देवदार, चीड, फर, यू, बागेत लावलेला सायकस, चीनमधला गिंको ही सारी याच घराण्यातली. आंबा, भात, कापूस, गुलाब यांचे बी फुलातल्या अंडाशयात झाकलेले असते, म्हणून त्या आवृतबीज वनस्पती. आज फुलझाडांच्या सुमारे तीन लाख जाती आहेत आणि प्रकटबीजांच्या जेमतेम हजारभर. पण फुलझाडांचा पसारा वाढण्यापूर्वी कोट्यवधी वर्षे पृथ्वीवरच्या जंगलांत या उघड्या बियांचेच राज्य होते. (कोकणच्या किनाऱ्यावरचे सुरूचे बन पाहून पुष्कळांना ते पाइन वाटते. पानांच्या जागी हिरव्या सुया आणि छोटे शंकू पाहून फसायला होते खरे. पण सुरू हे फुलझाड आहे.)

त्या जुन्या राज्याचे दगडात उरलेले अवशेष वाचण्यात ज्या भारतीयाने आयुष्य घालवले, त्यांचे नाव डॉ. बिरबल साहनी.

साहनींचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी पंजाबातील भेरा या गावी झाला. हे गाव झेलम नदीकाठी असून आता पाकिस्तानात आहे. शाळेत आपण ज्या तारखेला बालदिन पाळतो तीच ही तारीख. पंडित नेहरू त्यांच्यापेक्षा बरोबर दोन वर्षांनी मोठे. भेऱ्यापासून फार लांब नाही अशी मिठाच्या डोंगरांची रांग आहे. खेवड्याची प्रसिद्ध मिठाची खाण तिथलीच. या डोंगरांशी साहनींचा पुढे मोठा वाद व्हायचा होता. तो यथावकाश सांगतो.

त्यांच्याआधी त्यांच्या वडिलांविषयी चार शब्द लिहिले पाहिजेत, कारण ही स्मरणिका पालकही वाचतात. लाला रुचिराम साहनी मूळचे डेरा इस्माईल खानचे. घरचा व्यापार बुडाला आणि शिक्षण अर्ध्यावर सुटण्याची वेळ आली, तेव्हा हा मुलगा पुस्तकांचे गाठोडे पाठीवर घेऊन शिकण्यासाठी पायी झंगला गेला. पुढे ते लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. कॉलेजबाहेर साध्या दुकानदारांसाठी आणि कारागिरांसाठी ते पंजाबी भाषेत विज्ञानाची व्याख्याने प्रयोगांसह देत. पन्नाशी उलटल्यावर, १९१४ साली, ते किरणोत्सर्गाचा अभ्यास करण्यासाठी मँचेस्टरला रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी म्हणून जाऊन बसले. ज्या घरात बापाची पाटी कधी फुटत नाही त्या घरातल्या मुलांना अभ्यासाला बस म्हणून सांगावे लागत नसावे.

रुचिराम सुट्टीत मुलांना घेऊन हिमालयात पायी भटकंती करीत. तिथे बिरबलला झाडे, दगड, शेवाळी गोळा करण्याचा नाद लागला. लाहोरला शिकताना प्राध्यापक शिवराम कश्यप यांच्यासारखा वनस्पतिशास्त्राचा जाणता शिक्षक त्यांना लाभला. त्या दिवसांतली एक गोष्ट सांगतात. एका परीक्षेला बसले असता प्रश्नपत्रिका जुन्या वर्षाचीच पुन्हा छापलेली आहे हे बिरबलच्या लक्षात आले. उत्तरे येत असूनही तो निषेध म्हणून उठून बाहेर आला आणि शेवटी विद्यापीठाला नवी प्रश्नपत्रिका काढावी लागली.

१९११ साली पंजाब विद्यापीठाची बी. एस्सी. झाल्यावर पुढे काय हा प्रश्न आला. मुलाने विलायतेला जाऊन आय. सी. एस. व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. त्या काळी त्याहून मोठी नोकरी नव्हती. मुलाने नम्रपणे सांगितले की हुकूमच असेल तर जाईन, पण माझे मन विचाराल तर मला वनस्पतिशास्त्रात संशोधन करायचे आहे. वडिलांनी हुकूम केला नाही. बिरबल केंब्रिजच्या इमॅन्युएल कॉलेजात दाखल झाले आणि तिथे त्यांना प्राध्यापक सीवर्ड भेटले. जीवाश्म वनस्पतींचे, म्हणजे दगड झालेल्या झाडापानांचे, ते त्या काळचे नामांकित जाणकार होते.

आता साहनींच्या पहिल्या कामांपैकी एक समजून घेऊ. त्यासाठी प्रकटबीज झाडांत बी कसे धरते हे थोडे पाहावे लागेल.

फुलझाडात परागकण फुलाच्या कुक्षीवर पडतो आणि तिथून नळी काढीत आत बीजांडापर्यंत जातो. प्रकटबीजांत मध्ये कुक्षी नाही, अंडाशयाची भिंत नाही. बीजांड उघडेच असते आणि त्याच्या टोकाला एक बारीक तोंड असते. हंगामात या तोंडाशी चिकट द्रवाचा एक थेंब येऊन थांबतो. नरशंकूतले परागकण वाऱ्यावर उधळतात आणि त्यांतला एखादा या थेंबाला चिकटतो. थेंब आटला की कण आत ओढला जातो. पुढचे काम अतिशय सावकाश चालते. पाइनमध्ये परागकण आत शिरल्यापासून प्रत्यक्ष फलन होईपर्यंत साधारण एक वर्ष जाते. गर्भासाठी लागणारे अन्न मात्र फलनाच्या आधीच बीजांडात तयार होऊ लागते. फुलझाडांत ते फलनानंतर साठते. चिलगोज्यात आपण खातो तो मुख्यत: हाच आधी भरून ठेवलेला डबा.

सायकस आणि गिंको ही दोन झाडे तर आणखी जुन्या वळणाची. त्यांच्या परागकणातून शेपट्यांसारखे असंख्य बारीक केस असलेल्या नरपेशी बाहेर पडतात आणि बीजांडातल्या ओलाव्यात पोहत स्त्रीपेशीकडे जातात. नेचे आणि शेवाळी यांची ही रीत बी धरणाऱ्या झाडात टिकून आहे, हे १८९६ साली जपानमध्ये प्रथम दिसले. गिंकोत ते पाहणारे हिरासे हे विद्यापीठात चित्रे काढण्याच्या कामावर होते. सायकसमध्ये ते त्याच वर्षी इकेनो यांनी पाहिले.

केंब्रिजला साहनी गिंकोची बीजांडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होते. बीजांडाच्या आतल्या पोकळीत त्यांना परागकण दिसले, पण ते गिंकोचे नव्हते. वाऱ्यावरून आलेले कुठल्या तरी परक्या झाडाचे कण त्या थेंबाला चिकटून आत गेले होते. १९१५ साली त्यांनी यावर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्या वेळी जीवाश्म बियांच्या पोकळीत परागकण सापडला की तो त्याच झाडाचा असे धरून चालण्याचा मोह होई आणि त्यावरून वेगवेगळे सापडलेले अवयव एका झाडाचे ठरवले जात. तेवीस-चोवीस वर्षांच्या साहनींनी दाखवून दिले की उघडे बीज वारा आणील ते घेते. आत सापडले म्हणजे घरचेच, असे नव्हे.

१९२० साली त्यांनी यू वृक्षाच्या बियांचा अभ्यास मांडला. यू पाइनच्या नात्यातला समजला जाई, पण त्याला शंकू येत नाही. आखूड फांदीच्या टोकाला एकटे बी बसते आणि त्याभोवती लाल मांसल पेला वाढतो. साहनींच्या मते यूचा स्वतंत्र गट करणे योग्य होते. त्याच ओघात त्यांनी सर्व प्रकटबीजांचे दोन भाग सुचवले, एकात बी पानावर धरते आणि दुसऱ्यात खोडावर. आज डी. एन. ए.च्या तपासणीवरून यूला पुन्हा शंकूधारी वृक्षांच्या घरात घेतले आहे. परंतु बी नेमके कशावर बसले आहे हा त्यांनी विचारलेला प्रश्न अजून विद्यार्थ्यांना शिकवला जातो.

१९१९ साली लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. घेऊन ते मायदेशी परतले. बनारस आणि लाहोर येथे थोडा काळ शिकवल्यावर १९२१ साली लखनौच्या नव्या विद्यापीठात ते वनस्पतिशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. १९२० साली त्यांचा विवाह सावित्री सुरी यांच्याशी झाला होता. या बाईंचे नाव लक्षात ठेवा.

लखनौला विभागप्रमुख झाल्यावरही पहिल्या वर्षाच्या मुलांना ते स्वत: शिकवीत. फळ्यावर दोन्ही हातांनी एकाच वेळी आकृती काढीत, असे त्यांचे विद्यार्थी सांगत. दगडाचे काप काढण्याचे कामही ते हाताने करीत. हे काम कष्टाचे असते. जीवाश्माचा दगड करवतीने कापायचा, त्याची चकती काचेला चिकटवायची आणि ओल्या भुकटीवर ती घासत राहायची, इतकी पातळ होईपर्यंत की तिच्यातून उजेड पार जावा. मग कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पेशी एकेक करून दिसू लागतात. काप चिकटवायला त्या वेळी जो कॅनडा बाल्सम वापरीत तो एका फर वृक्षाचा डिंक, म्हणजे प्रकटबीजाचीच देणगी.

साहनींच्या आधीही भारतातल्या जीवाश्म वनस्पतींचे वर्णन झाले होते, पण ते मुख्यत: युरोपीय पंडितांनी केलेले. साहनींनी हे काम आपल्या देशात, आपल्या विद्यार्थ्यांकडून करून घेतले. त्यांचे आवडते क्षेत्र म्हणजे राजमहालचे डोंगर. हे आता झारखंडात येतात. अकरा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी तिथे ज्वालामुखीचा लाव्हा थरांवर थर पसरत होता. दोन थरांच्या मधल्या काळात तळी साचली, झाडे वाढली, पडली, आणि पाण्यात विरघळलेल्या वाळूच्या द्रव्याने त्यांच्या पेशीपेशीत शिरून त्यांचा दगड केला.

अडचण अशी की झाड कधी अखंड सापडत नाही. खोड एका दगडात, पान दुसऱ्यात, बी तिसऱ्यात. प्रत्येकाला वेगळे नाव मिळते आणि मग या नावांपैकी कोणकोणती एका झाडाची हे ठरवण्यात वर्षे जातात. १९३२ साली साहनींनी अशा तुकड्यांवरून विल्यमसोनिया सीवर्डियाना या झाडाचे संपूर्ण चित्र उभे केले आणि त्याला आपल्या गुरूचे नाव दिले. जाड खांबासारखे खोड, त्यावर गळलेल्या पानांचे वण, माथ्यावर पिसांसारख्या पानांचा झुबका. दिसायला अगदी सायकस, पण कूळ निराळे आणि आता पूर्णपणे नष्ट झालेले. कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत हे चित्र कितीतरी पिढ्यांनी वहीत उतरवले आहे.

त्याच डोंगरांतल्या निपानिया गावाच्या दगडांतून याहून नवलाचे झाड निघाले. त्याच्या खोडात एकाऐवजी लाकडाचे साधारण पाच खांब शेजारी शेजारी होते, म्हणून नाव पेंटॉक्सिलॉन. पाने लांब पट्टीसारखी. बिया तुतीच्या फळासारख्या गच्च गुच्छात, तरीही उघड्या. खोड कोणत्या एका गटासारखे, पान दुसऱ्यासारखे, बी तिसऱ्यासारखे. साहनींनी १९४८ साली हा प्रकटबीजांचा एक नवा गट म्हणून जगापुढे ठेवला. तो आजही तसाच मानला जातो आणि त्याचे नातेवाईक नेमके कोण हे कोडे अजून पुरते सुटलेले नाही.

आपल्या महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. नागपूरजवळच्या टाकळी येथे दख्खनच्या लाव्हाच्या थरांमधल्या गाळात जीवाश्म सापडतात. एकोणिसाव्या शतकात तिथे धर्मोपदेशक स्टीफन हिस्लॉप यांनी ते हौसेने गोळा केले होते. या टाकळीच्या दगडांतले शंकू साहनींनी १९३१ साली अभ्यासले आणि त्यांतल्या एकाला टाक्लिओस्ट्रोबस हे नाव दिले. नागपूरच्या उन्हात आज शंकूधारी झाड कोणी आणून लावले तरच दिसते. पण सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी त्या भागात असे वृक्ष होते, याची साक्ष गावाचे नाव घेऊन शास्त्राच्या ग्रंथात बसली आहे.

१९२९ साली केंब्रिजने साहनींना एस्सी. डी. ही पदवी दिली आणि १९३६ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद झाले. १९४० च्या मद्रास येथील सायन्स काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. मधल्या काळात रोहतकजवळच्या टेकाडावर फिरताना त्यांना मातीचे जुने साचे सापडले. ते प्राचीन नाणी ओतण्याचे साचे निघाले आणि त्यावर त्यांनी एक मोठा प्रबंधच लिहिला. नाणेशास्त्रातल्या मंडळींनी त्यासाठी त्यांना पदक दिले.

थोर माणसांच्या चरित्रात चुका लिहू नयेत असा आपल्याकडे एक रिवाज आहे. तो मला पटत नाही, म्हणून साहनींच्या दोन सांगतो. राजमहालच्या एका लाकडात पाणी वाहणाऱ्या मोठ्या नळ्या नव्हत्या. बहुतेक प्रकटबीजांच्या लाकडात त्या नसतात, पण चाफ्याच्या दूरच्या नात्यातल्या काही फुलझाडांतही नसतात. साहनींना हे लाकड अतिप्राचीन फुलझाडाचे असावे असे वाटले. ते नष्ट झालेल्या प्रकटबीजांचेच आहे असे पुढच्या संशोधकांनी ठरवले आणि त्याला नवे नाव दिले ते साहनींचेच : साह्निऑक्सिलॉन.

दुसरी गोष्ट मिठाच्या डोंगरांची. हे मीठ फार प्राचीन आहे की अलीकडचे, यावर भूशास्त्रज्ञांचे दोन तट होते. साहनींना मिठात लाकडाचे आणि वनस्पतींचे अतिसूक्ष्म कण सापडले. जमिनीवर झाडे उगवण्याआधीच्या मिठात लाकूड येणार कुठून? म्हणून हे मीठ पाच-सहा कोटी वर्षांपूर्वीचेच असले पाहिजे, असे ते १९४४ च्या सुमारास हिरिरीने मांडत राहिले. आज ते मीठ पन्नास कोटी वर्षांहून जुने मानले जाते. ते कण मागाहून आत शिरले असावेत असाच बहुतेकांचा निर्णय आहे. गिंकोच्या बीजांडातल्या परक्या परागकणांनी तरुणपणी जो इशारा दिला होता तोच इथे, जन्मगावाजवळच्या डोंगरात, त्यांना लागू पडला. त्यांची एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. विरुद्ध मताच्या लोकांना बोलावून त्यांनी या विषयावर खुली चर्चासत्रे घडवली आणि त्यांचेही म्हणणे छापून निघाले. आज त्यांची चूक आपल्याला दाखवता येते ती या कागदांमुळेच.

या शास्त्रासाठी भारतात स्वतंत्र संस्था हवी, हा ध्यास त्यांनी १९३९ पासून घेतला होता. १९४६ साली पुरावनस्पतिशास्त्राची सोसायटी स्थापन झाली आणि सप्टेंबरात संस्थाही सुरू झाली, तीही विद्यापीठातल्या त्यांच्याच विभागाच्या खोल्यांत. साहनी पतिपत्नींना मूलबाळ नव्हते. आपली मालमत्ता, पुस्तके आणि आयुष्यभर जमवलेले जीवाश्म त्यांनी संस्थेच्या कामी देऊन टाकले. १९४७ साली देशाची फाळणी झाली. भेरा आणि लाहोर सीमेपलीकडे गेले. १९४८ साली सरकारकडून लखनौच्या युनिव्हर्सिटी रोडवर साडेतीन एकर जागा आणि एक बंगला मिळाला.

कोनशिला साहनींनी स्वत: तयार केली. सिमेंटच्या शिळेत त्यांनी निरनिराळ्या युगांतले आणि देशोदेशींचे जीवाश्म बसवले होते. ३ एप्रिल १९४९ रोजी पंतप्रधान पंडित नेहरूंनी ती बसवली. नेहरूही केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकलेले. समारंभ थाटात झाला. त्यानंतर आठवडाही पुरा झाला नाही तोच साहनींना हृदयविकाराचा झटका आला आणि ९ एप्रिलनंतरच्या मध्यरात्री त्यांचे निधन झाले. वय सत्तावन्न. पुढच्या वर्षी स्टॉकहोमला भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेचे सन्माननीय अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झालेली होती.

संस्थेचा सांभाळ कर, एवढेच त्यांनी जाताना पत्नीला सांगितले असे म्हणतात. सावित्रीबाई शास्त्रज्ञ नव्हत्या. नवऱ्याबरोबर डोंगर चढल्या होत्या, नमुने गोळा करायला मदत केली होती. इमारतीचा पाया भरलेला नव्हता, पैसा अपुरा होता आणि ज्याच्या नावावर लोक मदत देत तो माणूस उरला नव्हता. त्यांनी संस्थेची जबाबदारी उचलली, देशाबाहेरूनही जाणकार बोलावले गेले, आणि जानेवारी १९५३ मध्ये पुरी झालेली इमारत नेहरूंच्याच हस्ते उघडली. संस्थेला बिरबल साहनींचे नाव आहे; अलीकडे तिच्या नावात पुरावनस्पतिशास्त्राऐवजी पुराविज्ञान हा शब्द आला आहे. साहनींची समाधी त्याच आवारात आहे आणि त्यांनी हाताने जीवाश्म बसवलेली ती कोनशिलाही तिथेच आहे.